रडल्यानं इमान जात नाही

मागच्या अंकात आपण म्हणलं होतं की पैगंबरांच्या आयुष्यातले अवघड दिवस आणि आपल्या घरातलं दुःख यावर काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं लिहा. पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, एका ताईंनी तर वहीच्या पानांचे फोटो काढून पाठवले. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाचच घेतेय. नावं कुणाचीच नाहीत, गाव पण तालुक्यापुरतंच. बहुतेक पत्रांत एक वाक्य वेगवेगळ्या तोंडून आलंय, ‘लोक म्हणतात सबर करा’, सबर म्हणजे धीर, संयम, आणि ते ज्या पद्धतीनं म्हणलं जातं त्यानं माणसं आतल्या आत कुढायलीत, म्हणून पहिल्या दोन पत्रांना जरा जास्त जागा दिली.

प्रश्न : आपा, ईदच्या आधी माझा मोठा मुलगा गेला. बाईकवर होता, मागून ट्रकनं उडवलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं. मय्यत घरात होती तेव्हा पण मला रडू दिलं नाही. नणंद म्हणली, भाभी तुमच्या आसवांनी त्याच्या रूहला तकलीफ होते, मोमिन बाईनं असं रडायचं नसतं, सबर करा. तेव्हापासून मी मोरीत नळ सोडून रडते. नमाज पढते, कुरआन पढते, पण मुसल्ल्यावर (नमाजाच्या चटईवर) बसलं की त्याचाच चेहरा समोर येतो. माझं इमान कच्चं आहे का?
– एक आई, जिंतूर तालुका

उत्तर : भाभी, नळ बंद करा आणि बाहेर येऊन रडा. तुमचं इमान, म्हणजे अल्लाहवरची श्रद्धा, कच्चं नाही.

कुरआनातली बारावी सूरह (अध्याय) हजरत यूसुफ (अ., म्हणजे त्यांच्यावर सलाम असो) यांच्या नावाची आहे, तुम्ही ती कितीतरी वेळा पढली असेल. या वेळेस ती मुलाची नाही, बापाची गोष्ट म्हणून वाचा. हजरत याकूब (अ.) स्वतः पैगंबर, वडील पैगंबर, आजोबा पैगंबर. मोठ्या पोरांनी जळून यूसुफला विहिरीत टाकलेलं, रात्र पडल्यावर ती रडत घरी येतात, लांडग्यानं खाल्लं म्हणतात, यूसुफचा सदरा दाखवतात, सदऱ्याला खोटं रक्त लावलेलं. याकूब (अ.) म्हणतात, हे तुमच्या मनानं रचलेलं आहे, आता माझ्यासाठी सुंदर सबर. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, वाजमध्ये (प्रवचनात) हेच सांगतात आणि इथंच थांबतात, पण सूरह काही तिथं थांबत नाही ना. पुढं वर्षं जातात, धाकटा बिन्यामीन पण मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) अडकतो, आणि तेव्हा हे वयस्कर पैगंबर पोरांकडं पाठ फिरवून म्हणतात, ‘हाय माझा यूसुफ!’ आणि दुःखानं त्यांचे डोळे पांढरे पडले असं कुरआन स्वतः सांगतो. पोरं वैतागतात, म्हणतात तुम्ही यूसुफ यूसुफ करत एक दिवस जीव द्याल. म्हणजे रडणाऱ्याला गप्प करणारे लोक तेव्हा पण घरातलेच होते. याकूब (अ.) त्यांना उत्तर देतात की मी माझी तळमळ आणि माझं दुःख अल्लाहपाशीच मांडतोय. आणि त्याच दमात पोरांना कामाला लावतात, जा, यूसुफला आणि त्याच्या भावाला शोधा, अल्लाहच्या रहमतीची आशा सोडू नका. रडणं चालू आहे, गाऱ्हाणं चालू आहे आणि शोध पण चालू आहे. अख्ख्या सूरहमध्ये अल्लाहनं त्यांना ‘का रडलास’ असं एकदा पण विचारलेलं नाही.

आता आपले प्रेषित मुहम्मद (स., म्हणजे त्यांच्यावर अल्लाहची कृपा आणि सलाम असो). त्यांनी सातपैकी सहा लेकरं आपल्या हयातीत गमावली, मागं राहिल्या त्या फक्त हजरत फातिमा. सगळ्यात शेवटी इब्राहिम, हजरत मारिया यांचं दुधपितं लेकरू. मदिनेत ते एका लोहाराच्या घरी दाईकडं होतं, लोहाराचं घर म्हणजे भाता चालू, घरभर धूर, आणि प्रेषित (स.) त्या धुरात जाऊन लेकराला उचलून घ्यायचे, त्याचा मुका घ्यायचे, त्याला हुंगायचे. मला हदीसमधली, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींतली, ही ओळ फार जवळची वाटते कारण लेकराला हुंगणं हे काय असतं ते आईला सांगावं लागत नाही. पुढं तेच लेकरू त्यांच्यासमोर शेवटचे श्वास घेत होतं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सोबत अब्दुर्रहमान बिन औफ होते, त्यांना नवल वाटलं, ते म्हणाले, तुम्ही सुद्धा, या रसूलल्लाह? उत्तर काय मिळालं बघा, ही रहमत आहे. आणि पुन्हा डोळे भरून आले तेव्हा म्हणाले, डोळा रडतो, मन दुःखी होतं, आणि तोंडानं आम्ही तेच बोलतो ज्यानं आमचा रब राजी राहील, आणि इब्राहिम, तुझ्या जाण्यानं आम्ही खरंच दुःखी आहोत.

त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं, इ.स. ६३२ ची गोष्ट. लोक म्हणायला लागले की इब्राहिम गेला म्हणून सूर्य झाकला. ज्याचं लेकरू नुकतंच गेलंय त्या बापाला ही गोष्ट ऐकायला बरी पण वाटली असती, पण त्यांनी लोकांना सांगितलं की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्यानं किंवा जगण्यानं त्यांना ग्रहण लागत नाही. इतक्या दुःखात पण डोकं जागेवर होतं, आणि डोळे पण ओले होते. दोन्ही होऊ शकतं.

नणंदबाई जे म्हणाल्या ते त्यांनी कुठंतरी ऐकलेलंच असणार. घरच्यांच्या रडण्यानं मय्यतला त्रास होतो अशी रिवायत (ऐकत-सांगत आलेली गोष्ट) आहे, प्रेषितांचे साथीदार हजरत उमर आणि त्यांचे सुपुत्र यांच्याकडून आलेली. पण प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा यांनी ती ऐकली तेव्हा साफ हरकत घेतली, म्हणाल्या की ऐकण्यात चूक झाली असणार, आणि कुरआनची आयत पुढं ठेवली की कुणी कुणाचं ओझं उचलणार नाही. मग तुमच्या आसवांचं ओझं तुमच्या लेकावर कसं पडेल? मनाई कशाला आहे तर गाल बडवायला, कपडे फाडायला, अल्लाहला दोष देत आकांत करायला. ती मर्यादा तुम्ही ओलांडलेली नाही, तुम्ही तर नळाच्या आवाजात हुंदका लपवायलात.

एक बाई कबरीपाशी रडत बसली होती, प्रेषित (स.) तिथून जात होते, म्हणाले, अल्लाहचा तक्वा (भय) ठेव, सबर कर. ती बाई ओळखत नव्हती, तिनं फटकारलं, जा इथून, माझ्यावर आलंय ते तुमच्यावर आलेलं नाही. ते तिला काही न बोलता निघून गेले. नंतर कुणीतरी सांगितलं ते कोण होते, तर ती घाबरून त्यांच्या दारात आली, तिथं ना चौकीदार ना कोणी. तेव्हा ते एवढंच म्हणाले की सबर पहिल्या धक्क्याच्या वेळचा असतो. तिला तिच्या रागाबद्दल एक शब्द ऐकवला नाही. आपल्याकडं मय्यतच्या घरी जाऊन उपदेश करणाऱ्यांनी ही हदीस अर्धी नाही तर पूर्ण वाचायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुसल्ल्यावर त्याचा चेहरा येतो तर येऊ द्या, त्याला ढकलू नका, त्याच चेहऱ्यासाठी मगफिरतची (माफीची) दुआ मागा. प्रेषित (स.) आईच्या कबरीवर गेले तेव्हा इतके रडले की सोबतचे लोक पण रडले, आणि त्यांच्या आई आमिना गेल्या तेव्हा ते अवघे ६ वर्षांचे होते, म्हणजे मधे केवढा काळ गेलेला. माझ्या ओळखीतल्या एक बाई आहेत, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात त्यांची लेक गेली, त्या आजपण तिचं नाव घेऊन बोलतात, हसतात, कधी रडतात, आणि शेतीचं सगळं कामकाज पण त्याच बघतात. तुम्ही पण घरात लेकाचं नाव घ्या. त्याच्या अब्बांसोबत घ्या, कारण पत्रात त्यांच्याबद्दल तुम्ही एक ओळ पण लिहिलेली नाही आणि बाप माणूस बहुतेक असाच कुठंतरी एकटा नळ सोडून बसलेला असतो. झोप पूर्ण उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरला दाखवा, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आपा, माजलगाव तालुक्यातून लिहायलोय. बडे भाईंची सहा एकर जमीन. सप्टेंबरच्या पावसात सिंदफणेचं पाणी शेतात शिरलं, सोयाबीन जागेवर सडलं, माती पण खरवडून गेली. बँकेचं पीककर्ज आहे आणि एका सावकाराचं पण आहे, तो माणूस दारात येऊन बायकांसमोर नको ते बोलतो. भाई पाच वक्त नमाजी होते, आता मशिदीत येईनात. म्हणायलेत, अल्लाहनं मला सोडलं, मी गेलो तर तुम्ही तरी सुटाल. मौलानांनी समजावलं की खुदकुशी हराम आहे, तर भाई आणखी गप्प झाले. काय सांगू त्यांना?
– धाकटा भाऊ, बीड जिल्हा

उत्तर : दादा, सांगायचं नंतर, आधी करायचं. घरात, गोठ्यात, आखाड्यावर फवारणीच्या औषधाच्या जेवढ्या बाटल्या आहेत त्या आजच उचला आणि शेजाऱ्याकडं किंवा नातेवाईकाकडं कुलपात ठेवा, हे पत्र वाचून संपायच्या आधी उठलात तरी चालेल. भाईंना एकटं ठेवू नका, रात्री तुम्ही त्यांच्याजवळ झोपा. ‘मी गेलो तर’ असं माणूस बोलतो तेव्हा ते खरं धरायचं, आणि सरळ विचारायचं की भाई, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतः पण लावू शकता. आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरकडं त्यांना सोबत घेऊन जा.

हराम आहे हे भाईंना माहीत नाही असं थोडंच आहे, ज्यानं जन्मभर नमाज पढली त्याला ते पुन्हा ऐकवून काय होणार. त्यांना हे सांगा की अल्लाहनं सोडलं असं वाटण्याची वेळ खुद्द प्रेषितांवर (स.) पण आली होती. वही, म्हणजे अल्लाहकडून येणारा संदेश, येणं मधेच थांबलं होतं, मक्केतले विरोधक टोमणे मारत होते की याच्या रबनं याला टाकून दिलं. त्यावर सूरह दुहा उतरली, दिवस वर येतानाच्या उजेडाची शपथ घेऊन, की तुझ्या रबनं तुला सोडलेलं नाही आणि तो नाराज पण झालेला नाही. ‘असं मनात आणलंसच कसं’ असा एक शब्द त्यात नाही. उलट पुढं आठवण करून दिली की तू यतीम (पोरका) होतास, तुला आसरा नाही का दिला.

हजरत यूनुस (अ.) यांची गोष्ट भाईंना लहानपणापासून माहीत असेल, मासळीच्या पोटातली. ते आपल्या कौमला (लोकांना) वैतागून, रागानं निघून गेले होते. पैगंबर असून त्यांचा संयम सुटला आणि मग अंधारावर अंधार, तिथून त्यांनी हाक मारली, तुझ्याशिवाय कुणी इलाह (उपास्य) नाही, तू पाक आहेस, चूक माझीच होती. लोक गोष्ट इथं संपवतात, मला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. मासळीनं त्यांना उघड्या किनाऱ्यावर टाकलं आणि तेव्हा ते आजारी होते, कुरआनात तसंच लिहिलंय. अल्लाहनं त्यांना लगेच कामावर धाडलं नाही, आधी त्यांच्यावर भोपळ्यासारखी एक वेल उगवली, पानांची सावली झाली, आणि त्यानंतर लाखभर किंवा त्याहून जास्त लोकांकडं त्यांना पाठवलं. भाई सध्या त्या किनाऱ्यावर पडलेत असं समजा. रब्बीचं काय, बियाणं कुठून आणायचं, हप्ता कसा भरायचा, हे सगळे प्रश्न त्यांच्या अंगावर आत्ता टाकू नका, काही दिवस ते तुम्ही आणि घरातली बाकी माणसं मिळून अंगावर घ्या. त्यांना जेवू घाला, झोपू द्या. मशिदीत नाही आले तर घरी त्यांच्या बाजूला मुसल्ला टाका, ओढू नका.

कर्जाची लाज हा मोठा विषय आहे आणि आपल्या मराठवाड्यात या लाजेनं किती घरं उजाड केली ते मी नव्यानं काय लिहू. भाईंना विचारा, प्रेषित (स.) या जगातून गेले तेव्हा त्यांचं चिलखत कुठं होतं? एका यहुदी माणसाकडं गहाण होतं, ३० साअ (धान्याचं जुनं माप) जवाच्या बदल्यात, घरच्यांच्या खाण्यासाठी घेतलेल्या जवाच्या. ज्यांच्यावर आपण दरूद पाठवतो त्यांचं शेवटचं सामान गहाणात होतं, तर सोयाबीन सडलेल्या शेतकऱ्यानं खाली मान घालायचं काय कारण? आणि ते जी दुआ नेहमी मागायचे त्यात चिंता, दुःख, कर्जाचं ओझं आणि माणसांची दंडेली या सगळ्यांपासून पनाह (आसरा) एकत्रच मागितलेली आहे. दारात येऊन ओरडणारा सावकार म्हणजे तीच दंडेली.

आता त्या सावकाराचं. कुरआन म्हणतो की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या आणि माफ केलं तर जास्त चांगलं. तो माणूस ऐकणार नाही, म्हणून महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे. लायसन्स नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे, तालुक्याला सहकार खात्याचं सहायक निबंधक कार्यालय असतं तिथं लेखी तक्रार करा, चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज, साक्षीदार जे असेल ते घेऊन. बँकेत जाऊन नुकसानीचा पंचनामा दाखवून कर्जाचं पुनर्गठन होतं का ते विचारा, हे काम तुम्ही करा, भाईंना रांगेत उभं करू नका. आणि जकात (इस्लाममधलं सक्तीचं दान) ज्यांना देता येते असे आठ प्रकारचे लोक सूरह तौबामध्ये सांगितलेत, त्यात कर्जात बुडालेला माणूस स्पष्ट आहे. मशीद कमिटीशी, गावातल्या चार जाणत्या लोकांशी बोला, ही भीक नाही, तो त्यांचा हक्क लिहून दिलेला आहे.

प्रश्न : मॅम, मी उदगीरचा, लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) तयारी करतोय. तिसऱ्यांदा पण स्कोअर आला नाही. अब्बा ऑटो चालवतात. गावाकडं गेलो की सगळे विचारतात, आता काय? हजरत यूसुफना जेलमधून थेट तख्त मिळालं, असं सगळे मला सांगतात. मला वाटतं माझ्यातच काहीतरी कमी आहे.
– विद्यार्थी, लातूर

उत्तर : बाळा, यूसुफ (अ.) यांची गोष्ट तुला लोक अर्धवट सांगतात. जेलमधून सुटणाऱ्या माणसाला त्यांनी सांगितलं होतं की तुझ्या मालकापाशी माझं नाव काढ, आणि तो बाहेर जाऊन विसरला, मग त्यांची आणखी काही वर्षं आतच गेली.

तुला मी हजरत मूसा (अ.) वाचायला सांगेन. फिरऔनच्या महालात वाढलेला तरुण, हातून एक माणूस मेला आणि जिवाच्या भीतीनं मदयनला पळाला. ओळखीचं कुणी नाही, हातात काही नाही. विहिरीवर गर्दी होती, दोन मुली आपली जनावरं मागं धरून उभ्या होत्या, त्यांचे वडील म्हातारे, म्हणून यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजलं आणि सावलीला जाऊन बसले आणि म्हणाले, रब्बा, तू माझ्यासाठी जे काही चांगलं पाठवशील त्याची मला गरज आहे. काय पाहिजे ते ठरवून मागितलं नाही. त्यातून काम मिळालं, घर मिळालं, लग्न झालं, आणि पुढची आठ-दहा वर्षं त्यांनी मेंढरं वळली. महालातून मेंढरांकडं आलेला माणूस लोकांना हरलेलाच दिसला असणार, आणि तूर पहाडावरची अल्लाहची हाक त्यानंतर आली.

तू आणखी एक वर्ष द्यायचं का दुसरा कोर्स धरायचा हे मी इथून सांगणार नाही, पण निर्णय अब्बांसोबत बसून, पैशाचा खरा हिशोब कागदावर मांडून घे, नातेवाईकांच्या ‘आता काय’ला उत्तर म्हणून घेऊ नकोस. ऑटो चालवणाऱ्या बापाला तुझा स्कोअर समजणार नाही असं धरून चालू नकोस, त्यांना रोज मीटर बघायची सवय आहे. आणि रात्री फारच वाईट विचार येत असतील तर वरच्या उत्तरात दिलेला नंबर तुझ्यासाठी पण आहे.

प्रश्न : आपा, बाळंतपणानंतर मला डिप्रेशन निघालं, गोळ्या चालू आहेत, फरक पण आहे. पण सासरी म्हणतात नजर लागली, इमानवाल्याला असलं काही होत नाही, गोळ्या सोड आणि दम केलेलं (दुआ पढून फुंकलेलं) पाणी पी. मला भीती वाटते की मी गुनहगार आहे.
– नांदेड

उत्तर : बेटा, गोळ्या सोडायच्या नाहीत, स्वतःच्या मनानं एकदम तर बिलकुल नाही, कमी करायच्या असतील तर डॉक्टर कमी करतील. दम केलेलं पाणी प्यायचं असेल तर प्या, दर्ग्यावर जाऊन दुआ करायची तर करा, कुणी अडवलंय, पण गोळीच्या जागी ते नको. प्रेषित (स.) यांनी सांगितलंय की अल्लाहनं असा कोणताच आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, आणि म्हणाले, अल्लाहच्या बंद्यांनो, इलाज करा. त्यात डोक्याचा आजार वगळा असं कुठं म्हणलेलं नाही.

इमानवाल्याला असलं होत नाही म्हणणाऱ्यांना हजरत मरियम, हजरत ईसांच्या (अ.) आई, विचारा. बाळंतपणाच्या कळा, एकट्या, खजुरीच्या बुंध्याला टेकलेल्या, आणि तोंडून निघालं की याच्याआधीच मी मेले असते तर बरं, कुणाच्या आठवणीत पण राहिले नसते. ज्यांच्या नावाची सूरह आहे त्यांचे हे शब्द कुरआननं झाकले नाहीत. त्यांना वरून उपदेश आला नाही, आवाज आला की दुःख करू नकोस, पायाखाली झरा आहे, खजुरीचं झाड हलव, ताजी खजूर पडेल, खा, पी, डोळे शांत कर, आणि माणसांशी आज बोलायचं नाही. तुमच्या घरात जे लागतंय ते नेमकं हेच आहे, खाणं, पाणी, आराम आणि बोलणाऱ्यांपासून सुट्टी.

घरच्यांना प्रेषितांच्या पत्नी हजरत खदीजा यांचं पण सांगा. पहिल्यांदा वही आली तेव्हा हिरा नावाच्या गुहेतून प्रेषित (स.) थरथरत घरी आले, म्हणाले मला पांघरा, मला पांघरा, मला माझ्या जिवाची भीती वाटते. खदीजा यांनी आधी पांघरलं. भीती ओसरली तेव्हा ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अल्लाह तुम्हाला कधीच खाली पाहू देणार नाही, तुम्ही नाती जपता, दुबळ्यांचं ओझं उचलता, पाहुण्यांची खातिरदारी करता. आणि त्यानंतर त्यांना घेऊन गेल्या वरका बिन नौफल यांच्याकडं, ज्यांना या गोष्टीतलं ज्ञान होतं. जाणकाराकडं नेणं यात इमानाची कमी खदीजांना दिसली नाही.

हजरत आयशा घरात गमी झाली की जवाच्या पिठाची पातळ खीर करायला लावायच्या, तलबीना म्हणतात तिला, त्यानं आजारी माणसाच्या मनाला आराम पडतो असं त्यांनी प्रेषितांकडून ऐकलं होतं. जवाचं पीठ पाण्यात किंवा दुधात मंद आचेवर शिजवायचं, वरून थोडं मध. सासूबाईंना म्हणा हे करून द्या मला, म्हणजे त्यांच्या हाताला पण काहीतरी करायला मिळेल, त्यांची पण काळजीच आहे ती. रमजान आला की गोळ्यांच्या वेळा डॉक्टरला विचारून घ्या, आणि ते रोजा नको म्हणाले तर आजारी माणसाला ती सूट कुरआननंच दिलेली आहे.

प्रश्न : ताई, आम्ही वारकरी घरातले. शेजारी मुस्लिम कुटुंब आहे, वीस वर्षांचा घरोबा. त्यांच्या घरचा कर्ता माणूस अचानक गेला. मला जायचंय पण काय बोलावं, काय न्यावं, त्यांच्यात काय चालतं, काहीच कळत नाही, म्हणून अजून गेलेच नाही आणि आता जायची पण लाज वाटायली.
– परळी

उत्तर : ताई, आजच जा. उशीर झाला म्हणून कुणी दार लावत नाही.

मुताच्या लढाईत, इ.स. ६२९ मध्ये, प्रेषितांचे (स.) चुलतभाऊ जाफर शहीद झाले. प्रेषितांनी (स.) जाफर यांच्या लेकरांना जवळ घेतलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आपल्या माणसांना सांगितलं की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर असं काही आलंय की त्यांना दुसरं काही सुचणार नाही. तेव्हापासून मय्यतच्या घरी शेजारपाजाऱ्यांनी, नातेवाईकांनी जेवण पाठवायची रीत आहे. तुमच्याकडं कडू घास घेऊन भावकी जाते ना, तसंच. तुम्ही पिठलं-भाकरी न्या, वरण-भात न्या, तुमच्या हातचं ते वीस वर्षं खातच असतील. भांडी परत लगेच मागू नका.

भाभी इद्दतमध्ये (नवरा गेल्यावर पाळायच्या काळात) असतील, चार महिने दहा दिवस, त्या घरातच राहतील, बाहेर दिसल्या नाहीत म्हणून त्यांना भेटायचं नाही असं समजू नका. बायकांनी जाऊन बसायला काही अडचण नाही. बोलायचं काय याची फार चिंता करू नका, ‘सबर करा’ म्हणणारे भरपूर येऊन गेले असतील, तुम्ही त्या माणसाची एखादी आठवण काढा, तुमच्या पोराला त्यांनी शाळेत सोडलं असेल, दिंडी निघताना पाणी वाटलं असेल, जे खरं असेल ते. त्या रडल्या तर रडू द्या.

आणि पहिले तीन दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, नंतर सगळे आपापल्या कामाला लागतात. लाईटबिल, गॅसचा नंबर, रेशन, मृत्यूचा दाखला, बँकेतलं नाव बदलणं ही कामं त्यानंतर सुरू होतात आणि इद्दतमध्ये असलेल्या बाईला ती सगळी बाहेरची कामं कुणाकडून तरी करून घ्यावी लागतात. तुमच्या घरातल्या पोराला पंधरा दिवसांनी त्यांच्याकडं पाठवा, विचारा काय काय राहिलंय म्हणून.